स्त्रीवरील हिंसेची मोजणी आणि अहिंसेची कसोटी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सव हा कोणत्याही संस्थेच्या जीवनातील आनंदाचा सोहळा असतो, तसाच तो ताळेबंद मांडण्याचाही प्रसंग असतो. पन्नास वर्षांत किती कार्य उभे राहिले, किती विद्यार्थ्यांना साहाय्य लाभले, किती रुग्णांवर उपचार झाले, याची नोंद या निमित्ताने होते आणि ती व्हावयासच हवी. परंतु व्यापारी समाजाला एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. जे देणे वहीत लिहिले गेले नाही ते फिटले, असे होत नाही. उलट न लिहिलेले देणेच पेढीला एक दिवस अडचणीत आणते. आजच्या व्याख्यानाचा विषय अशाच एका न लिहिलेल्या खात्याचा आहे. स्त्रीच्या वाट्याला घरात येणारी हिंसा हे ते खाते होय. महाराष्ट्रातील काही विदुषींनी आणि संशोधकांनी आपली उमेद या खात्याची वही उघडण्यात खर्च केली. त्यांची वाटचाल समजून घेणे आणि त्या वहीतील एक पान जैन समाजाच्या नावाचेही आहे याची जाणीव करून घेणे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

या वाटचालीत प्रथम नाव घ्यावे लागते ते डॉ. मालिनी कारकल यांचे. मुंबईत देवनार येथे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. जन्म, मृत्यू, विवाह, स्थलांतर यांचे शास्त्र तेथे शिकविले जाते. डॉ. कारकल या तेथील प्राध्यापक. लोकसंख्याशास्त्रज्ञांचे काम बाहेरून पाहणाऱ्याला रुक्ष वाटते, कारण त्यात कोष्टके असतात, दर असतात, टक्केवारी असते. परंतु कोष्टकातील प्रत्येक आकड्यामागे एक माणूस असतो, याचे भान डॉ. कारकल यांनी कधी सोडले नाही. ऑगस्ट १९८५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात त्यांचा एक लेख प्रसिद्ध झाला. मुंबईतील उरलेली अर्धी लोकसंख्या कशी मरते, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक होते. त्या लेखासाठी त्यांना कोणतेही गुप्त कागद मिळविण्याची गरज पडली नाही. सरकारदरबारी पडून असलेल्या मृत्युनोंदीच त्यांनी वयानुसार, लिंगानुसार आणि कारणानुसार लावून पाहिल्या.

त्या मांडणीतून जे दिसले ते भयंकर होते. बृहन्मुंबईत आणि महाराष्ट्राच्या शहरी भागात १५ ते ४४ या वयोगटातील स्त्रियांच्या एकूण मृत्यूंपैकी १९ टक्के मृत्यू 'अपघाती भाजल्याने' झाले, असे नोंदींत होते. १५ ते २४ या वयातील तरुणींचा विचार केला तर हे प्रमाण चारात एक इतके होते. ग्वाटेमाला, इक्वेडोर, चिली यांसारख्या इतर विकसनशील देशांत हेच प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते.

भिवंडी हे कापडाचे शहर. यंत्रमागाच्या खडखडाटात येथील अनेक पिढ्या वाढल्या. त्यामुळे त्या काळी दिले जाणारे स्पष्टीकरण येथील श्रोत्यांना ठाऊक असेल. स्टोव्हचा भडका उडाला, सिंथेटिक साडीने पेट घेतला, आणि वितळलेले कापड अंगाला चिकटल्याने बाई वाचली नाही. यात शास्त्रीयदृष्ट्या खोटे काही नाही. कृत्रिम धाग्याचे कापड पेटते तेव्हा ते वितळते आणि कातडीला चिकटते, हे कापडाच्या व्यवहारातील प्रत्येकजण जाणतो. परंतु मृत्यूच्या वयाचे कोष्टक समोर ठेवले की हे स्पष्टीकरण अपुरे पडते. स्टोव्ह तोच, स्वयंपाकघर तेच, साडीचे कापडही तेच. त्याच घरात सासू आणि नणंदही स्वयंपाक करीत होत्या. मग ज्वाला एवढ्या मोठ्या संख्येने विशी-बाविशीतील नवविवाहितेलाच का शोधत होती? आग वय पाहून लागत नाही. जेथे ती वय पाहून लागल्यासारखी दिसते, तेथे कारण कापडाबाहेर शोधावे लागते.

याचा अर्थ असे प्रत्येक मरण हा खूनच होता असा नव्हे. त्यांत खरे अपघात होते, असह्य छळाने केलेल्या आत्महत्या होत्या आणि जाळून मारलेल्याही होत्या. कोणते मरण कोणत्या प्रकारचे हे एकेका प्रकरणात ठरविणे कठीण होते. भाजलेल्या स्त्रीचा मृत्यूपूर्व जबाब घेतला जाई तेव्हा पुष्कळदा सासरची माणसे तिच्या आसपास असत. आपल्यामागे मुलांचे काय होईल हा विचार तिच्या मनात असे. माहेरची इभ्रतही तिलाच सांभाळायची असे. 'स्टोव्हचा भडका उडाला' हे तीन शब्द सर्वांनाच सोयीचे होते. एकेका खाटेवर हे शब्द खोडून काढता येत नव्हते. पण सगळ्या नोंदी एकत्र मांडल्यावर सत्य लपत नव्हते. हीच या शास्त्राची ताकद होय.

हुंड्यासाठी होणाऱ्या छळाविरुद्ध देशभरातील स्त्री-संघटना त्या काळात रस्त्यावर उतरल्या होत्या. त्यांच्या रेट्यामुळे १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले आणि १९८६ साली हुंडाबळीसाठी ३०४-ब हे कलम आले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत या तरतुदी अनुक्रमे कलम ८५-८६ आणि कलम ८० म्हणून कायम आहेत. डॉ. कारकल यांच्या आकड्यांचा प्रवासही मुंबईपुरता राहिला नाही. स्त्रियांवरील हिंसा हे आरोग्यावरील छुपे ओझे आहे, असे प्रतिपादन करणारी एक पुस्तिका जागतिक बँकेने १९९४ साली प्रसिद्ध केली. लोरी हाइसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या त्या पुस्तिकेत हे आकडे उद्धृत झाले. १९९६ साली जागतिक आरोग्य परिषदेने हिंसा ही सार्वजनिक आरोग्याची प्रमुख समस्या आहे असा ठराव केला. पुढे २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात भारतातील आगीच्या मृत्यूंचा एक अभ्यास आला. त्यानुसार २००१ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ६३ हजार माणसे भाजून मरण पावली. त्यांत सुमारे १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या आणि त्यांतील बहुसंख्य १५ ते ३४ वयाच्या होत्या. पोलिसांच्या नोंदींपेक्षा ही संख्या सुमारे सहापट होती. सहा नगांतील एकच नग वहीत येत असेल, तर त्या वहीवर पेढी चालेल काय?

येथे एक शंका स्वाभाविक आहे. हिंसा हा पोलिसांचा आणि न्यायालयाचा विषय असताना आरोग्यशास्त्राचे येथे काय काम? उत्तर असे की तिघांचे प्रश्न वेगळे असतात. पोलीस विचारतात, गुन्हेगार कोण? न्यायालय विचारते, पुरावा काय? आरोग्यशास्त्र विचारते की हे कोणत्या वयात, कोणत्या परिस्थितीत घडते, त्यापूर्वी कोणती लक्षणे दिसतात आणि कोणत्या टप्प्यावर ते रोखता आले असते. पहिले दोन प्रश्न घटना घडून गेल्यानंतरचे आहेत. तिसरा प्रश्न पुढची घटना टाळण्यासाठी आहे. शिवाय मार खाल्लेली स्त्री पोलीस ठाण्याची पायरी क्वचितच चढते, पण दवाखान्यात मात्र ती येतेच. पाय घसरून पडले, दाराची चौकट लागली, चुकून ढेकणाचे औषध पोटात गेले, असे सांगते. झोप लागत नाही, डोके सतत दुखते, असे सांगते. डॉक्टर जखमेला मलमपट्टी करतात, गोळ्या देतात आणि ती त्याच घरात परत जाते. काही दिवसांनी ती पुन्हा येते.

हे चक्र दवाखान्यातच थांबविता येईल काय, हा विचार पुढच्या पिढीच्या संशोधकांनी केला. डॉ. अमर जेसानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या अनुसंधान ट्रस्टच्या वतीने १९९४ साली मुंबईत 'सेहत' ही संशोधन संस्था सुरू झाली. डॉ. जेसानी यांनी वैद्यकीय नीतिशास्त्र आणि मानवी हक्क हा आपल्या अभ्यासाचा विषय केला. रुग्णाच्या देहावर अन्यायाची खूण दिसत असताना डॉक्टरने तटस्थ राहणे ही तटस्थता नव्हे, हा त्या विचाराचा गाभा होता. मुंबई महानगरपालिका आणि 'सेहत' यांनी मिळून वांद्रे येथील भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र उभे केले. २००१ पासून ते कार्यरत झाले. सरकारी रुग्णालयाच्या आत, त्याच्याच कर्मचाऱ्यांच्या सहभागाने चालणारे अशा प्रकारचे हे देशातील पहिले केंद्र मानले जाते.

'दिलासा'ची कार्यपद्धती साधी आहे आणि म्हणूनच ती समजून घेण्यासारखी आहे. रुग्णालयातील डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी यांना प्रशिक्षण दिले जाते. बाईने सांगितलेले कारण आणि अंगावरची जखम यांचा मेळ बसत नसेल, ती वारंवार तशाच तक्रारी घेऊन येत असेल, तिने विष घेतले असेल, तर तिला बाजूला घेऊन, सोबत आलेल्या नातेवाइकांच्या अनुपस्थितीत, हळुवारपणे विचारले जाते. 'तुम्हाला घरी काही त्रास आहे का?' एवढा एक प्रश्न. होकार आला तर समुपदेशक तिचे ऐकून घेते. तिने काय करावे हे तिच्यावर लादले जात नाही. घरी परतणे धोक्याचे असेल तर तिला निरीक्षणाखाली रुग्णालयात ठेवून घेता येते. जखमांची नीट, तपशीलवार नोंद होते. हीच नोंद पुढे तिला न्यायालयात उपयोगी पडते. पैसे, पोलीस, वकील, निवारा यांपैकी काय आणि केव्हा हवे, हे तिचे ती ठरविते. पुढे मुंबईतील आणखी महापालिका रुग्णालयांत अशी केंद्रे निघाली आणि केरळ राज्याने 'भूमिका' या नावाने याच धर्तीवर केंद्रे सुरू केली.

या कार्याला अनेक वर्षे दिशा दिली ती पद्मा देवस्थळी यांनी. 'सेहत'चे नेतृत्व करताना त्यांनी घरगुती हिंसेबरोबर लैंगिक अत्याचारग्रस्त स्त्रियांना रुग्णालयात मिळणाऱ्या वागणुकीचाही अभ्यास केला. अत्याचाराची शिकार झालेली मुलगी रुग्णालयात प्रथम रुग्ण म्हणून पाहिली जावी, पुराव्याची वस्तू म्हणून नव्हे, हा त्यांचा आग्रह होता. तिच्या पूर्वचारित्र्याविषयी निष्कर्ष काढणारी एक अवमानकारक तपासणी त्या काळी सर्रास केली जाई. विज्ञानात तिला आधार नव्हता. 'सेहत'ने न्यायालयातही या पद्धतीविरुद्ध बाजू मांडली. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी स्त्रीच्या खासगीपणाचा व प्रतिष्ठेचा भंग करते असे म्हटले. २०१४ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्गदर्शक सूचना काढून ती वगळली. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, अशी तपासणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाची दोषी ठरेल, इतक्या स्पष्ट शब्दांत निर्णय दिला. अशा पीडितेवर विनामूल्य व तत्काळ उपचार करणे २०१३ पासून प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक आहे. रुग्णालय सरकारी असो, खासगी असो वा धर्मादाय ट्रस्टचे असो, कायदा सर्वांना सारखाच आहे. वैद्यकीय सेवा चालविणाऱ्या प्रत्येक ट्रस्टने हे आपल्या कर्मचाऱ्यांना सांगून ठेवणे हिताचे ठरेल.

एवढी व्यवस्था झाल्यावरही एक प्रश्न उरतो. स्त्री बोलत का नाही? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे चौघींत एक असे होते. आणि देशात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणाला सांगितले. या मौनाचा शोध डॉ. मनीषा गुप्ते यांनी घेतला. त्यांनी व त्यांचे पती डॉ. रमेश अवस्थी यांनी १९८७ साली 'महिला सर्वांगीण उत्कर्ष मंडळ' म्हणजे 'मासूम' ही संस्था स्थापन केली आणि पुणे जिल्ह्यातील पुरंदर या दुष्काळी तालुक्यात कामाला आरंभ केला. स्त्रियांचे आरोग्य आणि स्त्रियांवरील हिंसा हे दोन निराळे विषय नाहीत, हे तेथील अनुभवाने त्यांना शिकविले. अब्रू या कल्पनेचा त्यांनी सखोल अभ्यास केला आणि त्यावरील त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. अब्रू घराण्याची, जातीची मानली जाते. पण तिचे ओझे वाहावे लागते ते स्त्रीच्या देहाला आणि तिच्या वर्तनाला. मारणाऱ्याच्या हाताने घराण्याची अब्रू जात नाही, मार खाणारीने तोंड उघडले की मात्र ती जाते. हे उफराटे गणित जोवर बदलत नाही तोवर कायद्याचे पुस्तक कपाटातच राहते.

आता त्या पानाकडे वळणे प्राप्त आहे, ज्याचा उल्लेख आरंभी झाला. हिंसेचा सर्वांत निःशब्द प्रकार कोणता? जिला अजून नाव मिळालेले नाही, तिलाच नाकारणे. गर्भातील व्यंग ओळखण्यासाठी निघालेले तंत्र १९८० च्या दशकात मुलगा की मुलगी हे पाहण्यासाठी राजरोस वापरले जाऊ लागले. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी १९८६ साली मुंबईतील ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा त्यांतील ४२ जण अशी चाचणी करीत असल्याचे आढळले. स्त्री-संघटना, डॉक्टर व संशोधक यांनी एकत्र येऊन चळवळ केली आणि १९८८ साली महाराष्ट्र हे अशा चाचण्यांवर कायद्याने बंधन घालणारे देशातील पहिले राज्य ठरले. १९९४ साली देशव्यापी कायदा झाला व १९९६ पासून तो अंमलात आला. परंतु तो कागदावरच राहिला. तेव्हा २००० साली 'सेहत', 'मासूम' आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने मे २००१ मध्ये केंद्राला व राज्यांना खडसावून अंमलबजावणीचे आदेश दिले. २००३ साली कायदा अधिक कडक झाला. प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आणि प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीचा विहित नमुन्यातील तपशील बंधनकारक आहे. डॉक्टरांच्या संघटनेने पुढे तक्रार केली की हे कागद भरण्यातील कारकुनी चुकांसाठी शिक्षा होते. मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे अमान्य केले. नोंद न ठेवणे ही कारकुनी चूक नव्हे, ती गुन्हा झाकण्याची वाट आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. हिशेबाची वही जाणणाऱ्या कोणालाही हे पटावे.

२००१ च्या जनगणनेची धर्मवार आकडेवारी २००४ साली प्रसिद्ध झाली. तीत जैन समाजासाठी अभिमानाचा एक आकडा होता. साक्षरता ९४.१ टक्के, देशातील सर्व प्रमुख धर्मीयांत सर्वाधिक. स्त्रियांची साक्षरताही ९० टक्क्यांहून अधिक. त्याच अहवालात दुसरा आकडा होता, ज्याचा उल्लेख समाजाच्या समारंभांत फारसा होत नाही. शून्य ते सहा वयोगटात १,००० मुलग्यांमागे जैन मुली ८७०. देशाची सरासरी ९२७ होती. याहून कमी प्रमाण केवळ शीख समाजाचे, ७८६, होते. निसर्गाचा हिशेब असा की १,००० मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली जन्मतात. म्हणजे दर हजारी सुमारे ८० मुलींची तूट. २०११ साली हा आकडा ८८९ झाला. सुधारणा झाली, तिचे स्वागत करावे. पण देशाची सरासरी त्या वेळी ९१९ होती हेही ध्यानात ठेवावे.

या तुटीचा दोष अज्ञानावर ढकलता येत नाही, कारण सर्वाधिक साक्षर समाजाचा हा आकडा आहे. गरिबीवरही ढकलता येत नाही. उलट संपन्नता, लहान कुटुंब आणि आधुनिक यंत्रापर्यंतची सहज पोहोच, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेथेच तूट वाढली, असे देशातील इतर संपन्न भागांतही दिसून आले आहे. अपत्ये दोनच हवीत आणि त्यांत एक मुलगा हवाच. पेढी कोण चालविणार, दुकानाची किल्ली कोणाच्या हाती देणार. मुलीच्या लग्नाचा खर्च, देणे-घेणे, आहेर: ही सारी वाक्ये घराघरांत सौम्य स्वरात बोलली जातात. त्यांत शिवी नसते, मारहाण नसते. पण गर्भवती सुनेसमोर ती पुन्हा पुन्हा बोलली गेली की तिला स्वतःची इच्छा उरत नाही. आरोग्यशास्त्र याला दडपण म्हणते आणि मानवी हक्कांचा विचार याला हिंसा म्हणतो.

जैन दर्शनाला हे नवे नाही. हिंसा केवळ हाताने घडते असे हे दर्शन मानीत नाही. मन, वचन आणि काया या तीन योगांनी, आणि करणे, करविणे व अनुमोदन देणे या तीन प्रकारांनी ती घडते, असे ते सांगते. इतकी सूक्ष्म मोजणी जगातील फार थोड्या विचारपरंपरांनी केली असेल. सूर्यास्तानंतर न जेवणारा, पाणी गाळून पिणारा, पांजरपोळीत पंगू गुरांना सांभाळणारा समाज आपल्या घरातील हिंसेला हीच मोजपट्टी का लावत नाही? चाचणी डॉक्टरने केली असेल, म्हणजे 'करणे' त्याच्याकडे. पण पैसे देणाऱ्याकडे 'करविणे' आले, आणि सारे ठाऊक असून गप्प बसणाऱ्या भाऊबंदांकडे 'अनुमोदन' आले. डॉ. कारकल यांनी मृत्यूच्या नोंदी मांडून जे दाखविले आणि डॉ. गुप्ते यांनी अब्रूच्या अभ्यासातून जे सांगितले, ते या तिसऱ्या शब्दाजवळच येऊन थांबते. शेजारच्या खोलीतून रडण्याचा आवाज येतो आणि घरातील वडीलधारे दूरदर्शन संचाचा आवाज वाढवितात. तेही अनुमोदनच होय.

मग समाजाने आणि ट्रस्टने काय करावे? गोष्टी आवाक्यातील आहेत. ट्रस्टच्या वैद्यकीय शिबिरांत स्त्री-रुग्णांना एकांतात, स्त्री-डॉक्टर वा समुपदेशकाजवळ बोलता येईल अशी एक खोली असावी. शिबिरातील परिचारिकांना 'दिलासा'च्या धर्तीवर प्रशिक्षण द्यावे. पती-पत्नींच्या तंट्यात मध्यस्थी करणाऱ्या मंडळींत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि मार खाऊन आलेल्या मुलीला 'जुळवून घे' असे सांगून परत पाठविण्यापूर्वी ती तेथे सुरक्षित राहील काय, हा प्रश्न प्रथम विचारावा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे आणि १८१ व ११२ या क्रमांकांवर साहाय्य मागता येते, ही माहिती प्रत्येक उपाश्रयाच्या व सभागृहाच्या फलकावर लावण्यास खर्च तो किती येणार?

आणखी एक गोष्ट व्यापारी समाजाला थेट लागू पडते. वारसाहक्काच्या बाबतीत जैनांनाही हिंदू उत्तराधिकार कायदाच लागू होतो. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा मिळाला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क निःसंदिग्ध केला. तरीही लग्नानंतर मुलींकडून हक्कसोड पत्रावर सही घेण्याची प्रथा अनेक घरांत चालू राहिली. जिच्या नावावर काहीच नाही, जिला माहेरी परतण्याचे दार बंद आहे, ती मार सोसत राहते; आणि तिची अवस्था पाहून घरात दुसरी मुलगी नको वाटते. म्हणजे दुकानाची भागीदारी आणि जन्मापूर्वीचा नकार या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. मुलीचे नाव पेढीच्या पाटीवर आले, तर ८८९ चा आकडा आपोआप वर चढू लागेल. त्यासाठी कोणत्याही आंदोलनाची गरज नाही, कुटुंबातील कर्त्या पुरुषाची एक सही पुरेशी आहे.

डॉ. मालिनी कारकल, डॉ. मनीषा गुप्ते, पद्मा देवस्थळी, डॉ. अमर जेसानी यांनी समाजाला उपदेश केला नाही. त्यांनी मोजले, लिहिले, न्यायालयाचे दार ठोठावले आणि रुग्णालयातील एका खोलीत दिवा लावला. त्यांच्या कार्याची थोरवी गाण्यापेक्षा त्यांची रीत उचलणे अधिक उचित होईल. ट्रस्टने पुढील वर्षापासून आपल्या वार्षिक अहवालात समाजातील त्या वर्षीच्या जन्मांची, मुलगे किती व मुली किती अशी, नावांशिवाय केवळ संख्येने नोंद घ्यावी. मंदिराच्या भांडाराचा हिशेब जितक्या चोखपणे ठेवला जातो तितक्याच चोखपणे हाही ठेवावा. काही वर्षांनी ते पान उघडून पाहणाऱ्यांना त्यात समाजाच्या अहिंसेचे खरे मोजमाप सापडेल.